खंडेनवमीला बंद ठेवलेलं मशीन

प्रसेनजीतनं आयुष्यात एकच मोठं काम अंगावर घेतलं आणि तेही त्याला झेपलं नाही, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातंय? जिभेला हाड नसतं आणि चहा बहुधा दुसऱ्याच्या पैशाचा असतो. पण का झेपलं नाही, एवढं विचारून बघा त्यांना. लगेच सगळ्यांना आपापली कामं आठवतात.

तो गडमुडशिंगीचा. बाप लहानपणीच गेला. आई, मीनाबाई, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत साच्याची रेती चाळायला जायची. त्या रेतीवर पोरगं शिकलं आणि कॉम्प्युटरचं इंजिनिअर झालं. कॉम्प्युटरचं इंजिनिअर म्हणजे नेमकं काय, हे नव्वदच्या सुमाराला गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. टीव्ही दुरुस्त करत असेल असा सगळ्यांचा अंदाज. बरोबरची पोरं पुण्याला गेली, तिथनं अमेरिकेला गेली आणि बर्फातले फोटो पाठवायला लागली. हा राहिला. आईला त्या धुळीनं दम लागायला लागला होता आणि ती गाव सोडायला तयार नव्हती. "तू जा की, माझं काय," म्हणायची, आणि म्हणता म्हणता खोकायची. असं म्हटल्यावर कुणाचा पाय निघेल?

मग त्याला अमरसिंह भेटला. अमरसिंहच्या आज्जानं उद्यमनगरात लेथ टाकलेली, बापानं तिचं वर्कशॉप केलं आणि नातवानं वर्कशॉपवर मजला चढवून सॉफ्टवेअरची कंपनी काढली. खाली लेथची करकर, वर एसी आणि गालिचा. पुण्याची एक कंपनी टेलिफोन एक्स्चेंजच्या सर्व्हरसाठी स्वतःचं कर्नल बनवत होती. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मशीनवरच्या कुठल्याही प्रोग्रामला काही हवं असलं की त्यानं कर्नलकडं मागायचं. त्यातली किरकोळ कामं अमरसिंहला मिळायची. ती करता करता प्रसेनजीतचा जीव कर्नलच्या एका भागात अडकला. मेमरी कुणाला द्यायची, किती द्यायची, परत कशी घ्यायची, हे बघणारा तो भाग. बाकीच्यांना ते काम म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. ह्याला त्यात गोडी लागली.

अमरसिंह माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, एक शिवी हासडून मोकळं होता आलं असतं. मीनाबाई आजारी पडली तेव्हा स्वतःची गाडी घेऊन तो गडमुडशिंगीला आला, तिला आधार देऊन गाडीत बसवलं आणि डॉक्टरांनी "आता काळजी नाही" म्हणेपर्यंत दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला. दुपारी प्रसेनजीतच्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घ्यायचा. "आमच्यात तसलं काय न्हाय बरं का," असं मात्र मधनं मधनं सांगायचा. आता तसलं काही नाही, तर सांगायचं कशाला? पण प्रसेनजीतला तेव्हा ते खटकलं नाही, किंवा खटकलं तरी त्यानं गिळलं. सकाळी सगळ्यांत आधी तो यायचा म्हणून ऑफिसची एक चावी त्याच्याकडं असायची. त्या चावीचा त्याला अभिमान होता.

दोन हजार साली पुण्याहून शिवानी आली. तिकडच्या कंपनीत कर्नलचं सगळं काम तिच्या हाताखाली चालायचं. कमी बोलणारी, पण बोलली की मुद्द्यावर येणारी बाई. तिनं सांगितलं ते असं, की आमचं कर्नल एका प्रोसेसरवर छान पळतं, दोनावर बरं पळतं, पण चार प्रोसेसरचं महागडं मशीन घेतलं तर ते दोनाइतकंच पळतं. वरचे दोन काय फुकट बसवलेत? कुठं अडतंय ते सांगा.

कुठं अडतंय ते प्रसेनजीतला आधीच माहीत होतं. मोकळ्या मेमरीची पानं, म्हणजे तिचे सारखे तुकडे, कर्नलमध्ये एकाच ढिगात ठेवलेली होती. कुठल्याही प्रोसेसरला पान लागलं की त्यानं ढिगाला कुलूप घालायचं, पान काढायचं, कुलूप उघडायचं. तोवर बाकीचे ताटकळत. बरं, नुसत्या कुलपाचाच वांधा नव्हता. प्रत्येक प्रोसेसरच्या हाताशी स्वतःची एक छोटी, चपळ मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. ढिगात पानं किती उरली हा आकडा एकानं बदलला, की दुसऱ्याच्या कॅशमधला तोच आकडा शिळा होतो आणि त्याला तो नव्यानं मागवावा लागतो. मागवून त्यानं बदलला, की पहिल्याचा शिळा. चौघांचा दम या ओढाओढीतच जायचा.

घरी मीनाबाईनं विचारलं, "एवढं काय शोधालास रं?" तेव्हा त्यानं तिला सांगितलं, "आये, समज दोन जावा, दोन चुली, आन् मिठाची बरणी एकच. एकीनं नेली की दुसरी वरडणार."

"मग?"

"मग दोघींला आपापली वाटी द्यायची. बरणीकडं जायचं ते वाटी संपल्यावरच."

हेच त्यानं शिवानीला नीट शब्दांत सांगितलं. प्रत्येक प्रोसेसरला पानांचा स्वतःचा छोटा ढीग द्यायचा. शिवानीनं ऐकून घेतलं. मग अमरसिंहकडं न बघता प्रसेनजीतकडं बघून म्हणाली, "करून दाखवा. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या चार प्रोसेसरच्या सर्व्हरवर लावून बघू. चाललं, तर मेमरीचा सगळा भाग कोल्हापूरला देते. तो तुम्ही सांभाळायचा, इथं बसून."

इथं बसून! प्रसेनजीतच्या कानात तेवढे दोनच शब्द घुमत राहिले. आईला सोडायचं नाही, पुण्याला जायचं नाही, आणि तरी ज्या कामासाठी लोक साता समुद्रापार जातात ते काम आपल्या हातात. तो त्या दिवशी गडमुडशिंगीला जाताना बसमध्ये एकटाच हसत होता. शेजारच्या बाईनं पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

आता ऑफिसात दोन प्रोसेसरचं मशीन एकच होतं. मुंबईहून वापरलेलं आणलेलं, काळं, धूड. बाकीची सगळी एकेका प्रोसेसरची. त्या धुडावर प्रसेनजीतनं आपलं पहिलं काम चढवलं, आणि काय सांगायचं, कर्नल आधीपेक्षा हळू पळायला लागलं. वेगळे ढीग करूनसुद्धा हळू! अमरसिंहचा पुतण्या पृथ्वीराज तिथंच असायचा. कॉलेज संपवून काकाच्या कंपनीत गिऱ्हाइकांकडं जाण्यायेण्याचं बघायचा. मनानं चांगला, डोक्यानं उथळ. तो म्हणाला, "प्रसेनदा, रिव्हर्स गिअर पडलाय तुमचा." सगळे खोखो हसले. प्रसेनजीतही हसला. दसरा तोंडावर होता.

कोडं सुटलं ते घरीच. मीनाबाई आमटीला फोडणी देत होती आणि तिनं "त्यो डबा दे" म्हणून मसाल्याचा डबा मागितला. त्यानं उचलला आणि उचलताना थांबला. डब्यात वाट्या वेगवेगळ्या. तिखटाची वेगळी, मिठाची वेगळी. पण डबा एक! कॅश काही सुटा आकडा आणत नाही, शेजारपाजारचे आकडे धरून आख्खी पट्टी आणते. ह्यानं दोन प्रोसेसरांचे ढीग वेगळे केले, पण त्यांचे आकडे मेमरीत एकमेकांना चिकटून ठेवले होते. म्हणजे एकाला मीठ पाहिजे, दुसऱ्याला तिखट, आणि दोघं आख्खा डबाच ओढत होते.

"आगं आये, डबाच एक हाय की!" तो ओरडला.

"फोडणी करपली," मीनाबाई म्हणाली.

पुढचे दिवस त्यानं झपाटल्यासारखं काम केलं. प्रत्येक प्रोसेसरचा ढीग, त्याचे आकडे, सगळं स्वतंत्र पट्टीवर, एकमेकांपासून लांब. आणि त्या भरात त्यानं आणखी एक गोष्ट केली. प्रत्येकाचं आपापलं आहे तर कुलूप तरी कशाला, असं म्हणून ढिगांची कुलपंच काढून टाकली. सुज्ञपणे विचार केलेला होता, नव्हता असं नाही. आपल्याच घरात माणूस कुठं कुलूप लावून हिंडतो? एका प्रोसेसरच्या मशीनवर चालवून बघितलं, तर लोण्यासारखं चाललं. आता राहिलं होतं ते त्या काळ्या धुडावर, दोन प्रोसेसरवर चालवणं. या धंद्यात ते केल्याशिवाय काहीच केलं नाही असं धरतात, कारण दोघांच्यातली भांडणं एकटा असताना कधीच दिसत नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडली खंडेनवमी.

बाहेरच्याला उद्यमनगरची खंडेनवमी कळायची नाही. इथं देवापेक्षा मशीन मोठं. आदल्या दिवशीच लेथी पुसून तेलपाणी करतात, पट्टे उतरवतात. सकाळी हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे, आणि मग दसरा होईपर्यंत बटणाला हात नाही. वर्षभर राबतंय बिचारं, दोन दिवस बसू दे, असा त्यातला भाव. अमरसिंहच्या वरच्या मजल्यावर हीच रीत कॉम्प्युटरला. मॉनिटरच्या कडेला कुंकू, कीबोर्डावर फुलं. दोन प्रोसेसरचं मशीन सगळ्यांत महाग, म्हणून सगळ्यांत जाड हार त्याला.

प्रसेनजीत बौद्ध. पूजेत त्याचं काही नसायचं. आरती सुरू झाली की तो चहा सांगायला खाली जायचा आणि पेढे वाटायच्या वेळी वर यायचा. ह्यावर कधी कुणी काही बोललं नव्हतं. दसऱ्याला त्याचा स्वतःचा सण असायचा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून आईला घेऊन विहारात जायचं. त्या वर्षी मात्र तो चहा सांगायला गेला नाही. हार घालून झाले तसा अमरसिंहला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, ते दोन प्रोसेसरचं मशीन आज जरा वेळ मिळालं असतं तर बरं झालं असतं. परवा पहाटे पुण्याला निघायचं. दोनावर अजून चालवलेलं न्हाय."

"प्रसेनजीत, लेका, आज?" अमरसिंहला खरंच धक्का बसला. "आज्जापासनं खंडेनवमीला ह्या जागेत बटण दाबलेलं न्हाय कुणी. खालच्या लेथला हात लावत न्हाय आन् वरच्याला लावू व्हय?"

"थोडाच वेळ, दादा. लगेच बंद करतो."

"एकावर चाललं न्हवं?"

"चाललं."

"मग झालं की! तुझ्या हातावर इस्वास हाय माझा." आणि मग खांद्यावर हात टाकून, हळू आवाजात, "तुमच्यात न्हाय ह्ये, मला म्हाईत हाय. पर आमचं बी जरा सांभाळ की."

झालं. एवढंच वाक्य. पण त्या वाक्यापुढं तोंड उघडायची सोय राहिली नाही. भांडला तर तो कामासाठी भांडणारा इंजिनिअर राहत नव्हता, दुसऱ्याच्या देवावर पाय देणारा होत होता. प्रसेनजीतनं मान हलवली.

पेढे खाऊन सगळे घरी गेले. खिडक्या लावून कुलूप घालायचं काम नेहमीसारखं त्याच्याकडं. खिडक्या लावून झाल्या आणि तो त्या धुडासमोर येऊन उभा राहिला. भर दिवस. खालचं वर्कशॉपही बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. हार बाजूला केला की बटण. अर्ध्या तासात उत्तर हातात आलं असतं. चूक असती तर दुरुस्त करायला दीड दिवस होता.

त्याचा हात हारापर्यंत गेलासुद्धा. मग मनात आलं, फूल एखादं गळलं, कुणाला कळलं, तर? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर म्हणाले असते, कामाचा किडा आहे, राहवलं नाही बिचाऱ्याला. आपण केलं तर आपल्या एकट्याचं नाव घेणार नाहीत, सगळ्यांचं घेतील. ह्यांना कितीही जवळ करा, म्हणतील. ज्यांनी आईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ते म्हणतील. त्यानं हात मागं घेतला, दाराला कुलूप घातलं आणि बस धरली. संताप येतो हे सांगताना! पण तो तसाच होता, आणि त्याला तसं करणारी माणसं गोड बोलणारी होती.

दसरा झाला. पहाटे अमरसिंहच्या गाडीतून दोघं पुण्याला गेले. शिवानीनं सगळं चार प्रोसेसरच्या सर्व्हरवर चढवलं आणि चाचणी सुरू केली. सुरुवातीला काय चाललं म्हणता! चारही प्रोसेसर मोकळे सुटले. शिवानीच्या भुवया वर गेल्या, तिनं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून दाखवलं. अमरसिंहनं प्रसेनजीतच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खुर्चीवरून पडायचाच. तेवढी थोडी मिनिटं प्रसेनजीत जगात सगळ्यांत सुखी माणूस होता.

मग मेमरी भरत आली आणि सर्व्हर जागच्या जागी थिजला. परत चालू केला. परत तिथंच थिजला.

शिवानीनं कोड उघडला आणि स्क्रीनवर बोट ठेवून वाचत गेली. एका ठिकाणी बोट थांबलं. "हे काय? स्वतःचा ढीग संपला, मोठा ढीगही संपला, की हे शेजारच्या प्रोसेसरच्या ढिगातून पान घेतंय. इथं कुलूप कुठंय?"

प्रसेनजीतला तिनं बोट ठेवायच्या आधीच दिसलं होतं. आपापलं आहे म्हणून कुलूप काढलं, आणि शेजाऱ्याकडं हात घालायची वाट मात्र तशीच उघडी ठेवली. एकच पान दोघांच्या हातात जात होतं. एका प्रोसेसरच्या मशीनला शेजारच नसतो, त्यामुळं त्या ओळीवर तिथं कधी कुणी गेलंच नव्हतं. दोन प्रोसेसरवर पहिल्या दहा मिनिटांत सापडणारी चूक.

"दोन प्रोसेसरवर चालवून नव्हतं बघितलं?" शिवानीनं विचारलं. आवाज चढवून नाही. तिला खरंच समजत नव्हतं.

मशीनची पूजा होती, हे प्रसेनजीतच्या ओठावर आलं. पण आजूबाजूला पुण्याची पोरं उभी होती, ती फिदीफिदी हसली असती आणि दादांचा पाणउतारा झाला असता. म्हणून तो गप्प बसला. आता दादा सांगतील, असं त्याला वाटलं. आणि दादांनी सांगितलंही. म्हणाले, "पोरगं हुशार हाय मॅडम, पर घाई करतंय."

शिवानीनं फाईल बंद केली. चार प्रोसेसरसाठी लिहिलेली गोष्ट एका प्रोसेसरवर बघून आणणाऱ्या माणसाच्या हातात मी मेमरीचा भाग देऊ शकत नाही, एवढंच म्हणाली. तिचं काय चुकलं? काहीच नाही. येताना कराडला अमरसिंहनं चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रसेनजीतनं तोच कोड काळ्या धुडावर लावला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. थिजलं. अमरसिंह मागं येऊन उभा होता. त्यालाही कुठंतरी टोचत असणार, कारण समजूत घातल्यासारखा म्हणाला, "आरं, मशीनच बिघाडलं असंल. पूजेत पाणी-बिणी गेलं असंल आत."

"छ्या! काय बोलतायसा काका," पृथ्वीराज पलीकडून म्हणाला. "मशीन एक नंबर हाय. खंडेनवमीला घरातली चावी आणून दुपारभर मी आन् दोस्तांनी त्याच्यावर गेम खेळली की. मारामारीची. एकदा बी अडकलं न्हाय."

त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. त्याला वाटलं, आपण मशीनची बाजू घेतोय.

प्रसेनजीतनं विचारलं, "आन् हार?"

"काढून ठेवला. जाताना परत घातला. त्याला काय हुतंय?"

प्रसेनजीत खुर्ची फिरवून अमरसिंहकडं बघत राहिला.  अमरसिंहची नजर आधी पुतण्याकडं गेली, मग छताकडं, आणि मग तो हसला. ओशाळं हसला, पण हसला.

"घरचं पोरगं हाय," तो म्हणाला. "खेळलं जरा. त्येचं काय एवढं."

त्या दुपारी प्रसेनजीतनं त्या एका वाटेवर कुलूप घातलं. मशीन थिजायचं थांबलं, कर्नल दोन्ही प्रोसेसरांवर सुसाट पळायला लागलं. तो आकड्यांकडं बघत बसला. दाखवायला कुणी नव्हतं. पुण्याला फोन करायचा विचार त्याच्या मनात आला, पण मेमरीचा भाग देणार नाही हे शिवानीनं सांगून टाकलं होतं, आणि सांगणार काय? की आता दोनावर बघितलंय म्हणून?

पुढं त्याला साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरवर घातलं. उसाची गाडी आली, भरलेली किती, रिकामी किती. ऑफिसात त्याचं नाव "कर्नलसाहेब" पडलं. "कर्नलसाहेब, चहा सांगा की!" हसत म्हणायचे, हा हसत सांगायचा. नवं गिऱ्हाईक आलं की अमरसिंह ओळख करून देताना प्रेमानं म्हणायचा, "हा आमचा प्रसेनजीत. डोकं लई भारी, पर घाई करतंय." ते वाक्य जिन्यावरून खाली उतरलं, वर्कशॉपमध्ये गेलं, तिथनं चहाच्या गाड्यावर, आणि एकेक करत साऱ्या उद्यमनगरात झालं. आयुष्यात ज्यानं कधी बस पकडायलासुद्धा घाई केली नाही, त्याच्यावर हा शिक्का! आणि मारणारा कोण? ज्यानं त्याला थांबवलं तोच. प्रसेनजीतनं तिथं आणखी काही वर्षं काढली. आईची औषधं होती, दुसरं काही हाताशी नव्हतं, ही कारणं खरी होती. पण सकाळी सगळ्यांत आधी यायचं त्यानं सोडलं, हेही खरं.

शेवटी तो एका पॉलिटेक्निकमध्ये कंत्राटी शिक्षक म्हणून गेला. ऑपरेटिंग सिस्टीमच शिकवतो. प्रत्येक प्रोसेसरला पानांचा वेगळा ढीग, आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवर, हे सगळं आता पुस्तकांत असतं. जगात किती जणांना सुचलं, त्यांनी किती मशीनवर तपासलं, त्याला गणती नाही. ह्याचं ह्यालाही काही वाटत नाही, सुचणारी गोष्ट कुणालाही सुचते. वर्गात तो ते छान समजावून सांगतो. कुलपाच्या ओळीशी आला की मात्र आवाज जरा कोरडा होतो आणि खडू दाबला जातो.

दोन हजार सातच्या सुमाराला ड्युअल-कोअर, म्हणजे एकातच दोन असलेले, प्रोसेसर घराघरांत आले. त्यानंही घरी तसला कॉम्प्युटर आणला. खोका फोडून जोडत होता तर मीनाबाई दारात लसूण सोलत बसली होती. फौंड्री कधीच सुटली होती, दम राहिला होता.

"ह्येच का त्ये दोनाचं मशीन?" तिनं विचारलं. "ज्याच्यापायी तुझं काम गेलं?"

"तसलंच."

"काय झालतं रं तवा? कधी धड सांगितलं न्हाईस."

इतक्या वर्षांत त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, की काम जमलं नाही. का कुणास ठाऊक, त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. हार, गेम, "घरचं पोरगं हाय", सगळं. वायरी जोडता जोडता, तिच्याकडं न बघता. मीनाबाई लसूण सोलत ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "चावी हुती न्हवं तुझ्याजवळ?"

"हुती."

"आन् कुणी बी न्हवतं तितं?"

"न्हवतं कुणी."

"मग का न्हाय दाबलंस बटण?"

"आये," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते ऐकताना कसंतरी झालं, "कळलं असतं तर नावं ठेवली असती आपल्याला."

मीनाबाईचे हात थांबले. तिला दम लागला होता, पण तो खोकल्याचा नव्हता. ती भडकली होती. पोरावर, अमरसिंहवर, त्या फौंड्रीवर, सगळ्यांवर एकदम.

"आन् मग आता ठेवली न्हाईत व्हय रं?" ती म्हणाली.